डीजेवाल्याचा डावा कान

स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा लागलेला होता. लाल दिवा म्हणजे आत कार्यक्रम थेट चालू आहे, दार उघडायचं नाही. आमच्या कॉलेजात हे शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. इक्बालला ठाऊक नव्हतं. त्यानं दार ढकललं आणि आत आला. माझी एक विद्यार्थिनी बाजारभाव वाचत होती. घेवड्याचा भाव सांगून झाला होता, वाटाण्याचा यायचा होता. तेवढ्यात आमचा रेडिओ जिथवर पोचतो तिथवरच्या साऱ्या साताऱ्याला ऐकू गेलं,

“माज्या कानाचा पंचनामा करनारी मॅडम कोण हाय हितं?”

पोरगी माझ्या तालमीतली. तिनं डोळासुद्धा वर उचलला नाही. “आणि आता वाटाणा,” म्हणाली आणि पुढे वाचत राहिली. मी काचेपलीकडून उठले, त्या गृहस्थाच्या दंडाला धरलं आणि त्याला बाहेर काढलं.

“मीच ती मॅडम,” म्हटलं. “तुम्ही कोण?”

“मी त्यो कानवाला.”

आता जरा मागचं सांगते. मी सांगलीच्या एका दैनिकात डेस्कवर नोकरी केली. डेस्क म्हणजे बातमी आणणारे नव्हेत. आणलेली बातमी तपासणारे, कापणारे, मथळा लावून पानावर बसवणारे. वार्ताहरांच्या शिव्या खायचं काम. निवृत्त झाले तेव्हा घरचे म्हणाले, आता आराम कर. आराम मला कधी मानवला नाही. साताऱ्यातल्या एका कॉलेजनं पत्रकारितेचा वर्ग आणि कॅम्पस रेडिओ चालवायला बोलावलं, तशी मी दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली.

रेडिओवर मुलांचा एक कार्यक्रम आहे, ‘उलटी बाजू’. गाजत असलेला एखादा वादाचा विषय घ्यायचा, दोन विद्यार्थी समोरासमोर बसवायचे आणि बोलू द्यायचं. नियम एकच. घरच्या बाजूनं बोलायचं नाही. ज्या मताचं मीठ खाल्लं, त्याच्या विरुद्ध उभं राहायचं. कारण मुलं घरातलं मत डब्यासारखं बांधून आणतात. झाकण उघडतात, तेच खातात, तेच घेऊन परत जातात. पत्रकार व्हायचं असेल तर कधीतरी शेजारच्या डब्यात हात घातला पाहिजे.

या नियमानं मजा फार झाली. बैलगाडी शर्यतींवर चर्चा होती, तेव्हा ज्याच्या दावणीला शर्यतीचा बैल आहे त्या पोराला मी शर्यतबंदीच्या बाजूनं उभं केलं. पोरगं असं काही बोललं, की वडिलांचा फोन आला, “लय भारी बोललास. आता म्हैनाभर घरला येऊ नगंस.”

तर गणपतीच्या तोंडावर विषय निघाला मिरवणुकीतल्या डीजेचा. तेव्हा वर्तमानपत्रात रोज त्यावर पत्रं येत होती, चौकाचौकात भांडणं होती. बंदी घालावी की नाही? माझ्याकडे दोन नग तयारच होते.

एक प्रतीक्षा. म्हसवडजवळच्या गावातली, वडील फौजेतून निवृत्त. फौजीसाहेबांनी गावातल्या मंडळाचा डीजे स्वतः बंद पाडलेला. म्हणजे प्रतीक्षानं डीजेच्या बाजूनं बोलायचं. दुसरा सोहेल. वडूजचा, वडील नाहीत, घर थोरल्या भावाच्या जिवावर चालतं. त्या भावाचा, म्हणजे या इक्बालचा, डीजेचा साउंड आहे. टेम्पोवर स्पीकरची भिंत, मागे जनरेटर. खटाव, माण, पार सांगलीपर्यंत मिरवणुका. सोहेलच्या फीपासून चपलेपर्यंत सगळं त्या साउंडमधून येतं. म्हणजे सोहेलनं डीजेच्या विरुद्ध.

“मॅडम, दुसरा विषय घ्या की,” सोहेल म्हणाला होता.

“का?”

“भाईला काय वाटंल?”

“विचार त्याला. तो नको म्हणाला तर बदलू.”

चार दिवसांनी आला, म्हणाला, विचारलं, भाई हां म्हणाला. झालं तर मग.

कार्यक्रम थेट होता. प्रतीक्षानं सुरुवातीलाच सोहेलला चेपायला घेतलं. “पुढाऱ्याच्या वाढदिवसाला वाजतं ते चालतं, आणि पोरांच्या मिरवणुकीला लगेच कायदा आठवतो? साउंडवर ड्रायव्हरचं पोट आहे, जनरेटरवाल्याचं आहे, वायरी ओढणाऱ्या पोरांचं आहे. त्यांना उद्या कोण काम देणार? बंदी मागणारे?” मी काचेमागे बसून मनातल्या मनात टाळ्या वाजवत होते. सोहेलची मात्र गाडी चिखलात. म्हातारी माणसं, आजारी माणसं, खिडक्यांची तावदानं, सगळं बोलून झालं. ती एकेक मुद्दा परतवत होती. मग तो म्हणाला,

“मी लोकांचं सांगत नाही. माझ्या सख्ख्या भावाचं सांगतो. त्याला डाव्या कानानं ऐकू येत नाही. आई हाक मारते, तो तसाच निघून जातो. आईला वाटतं पोराला मस्ती आलीय. मस्ती नाही, कान गेलाय. नाचणारा दोन तास नाचतो आणि घरी जाऊन झोपतो. माझा भाऊ सीझनभर त्या भिंतीपुढं उभा असतो. माझी फी त्याच्या कानातनं येते.”

स्टुडिओत कुणी काही बोललं नाही. प्रतीक्षासुद्धा. रेडिओवर असं काहीच न बोलणं म्हणजे भलतीच गोष्ट, ऐकणाऱ्याला वाटतं स्टेशन बंद पडलं. मीच माइक उघडून ब्रेक घेतला. खोटं कशाला बोलू, माझे डोळे भरले होते.

मुलांनी तेवढ्याच बोलण्याची क्लिप काढून सोशल मीडियावर टाकली. क्लिप म्हणजे मोठ्या कार्यक्रमातला छोटा तुकडा. तुकडा पळतो, कार्यक्रम मागे राहतो. वडूजपासून सांगलीपर्यंत ती क्लिप मोबाइलमोबाइलवर गेली. कुणीतरी वर लिहिलं, ‘डीजेवाला झाला बहिरा, भावानंच फोडलं बिंग’. लोकांच्या जिभेला हाड नसतं, बोटांना तर त्याहून नाही.

आणि आता इक्बाल माझ्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसला होता. तिशीचा, दणकट, पांढरा स्वच्छ शर्ट. चहा आला तो त्यानं बाजूला सारला.

“मॅडम, माजं लगीन ठरत आलंय. तासगावची पोरगी हाय, शाहीन. शिकल्याली, शाळेत शिकीवती. तिच्या अब्बांचा बेदाण्याचा व्यापार. एवढं चांगलं घर मला परत मिळायचं न्हाई. त्यांच्या घरी गेली की ही क्लिप! काल निरोप आला, रविवारी या, बोलायचंय.”

ठरलेल्या सोयरिकीत ‘बोलायचंय’ असा निरोप आला की त्याचा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो. नकार समोर बसवून द्यायचा असतो, एवढंच.

“तुमच्या कानाला खरंच काही झालंय का?” मी विचारलं.

“माज्या कानाला काय धाड भरलीय?”

मी सोहेलला बोलावून घेतलं. तो भावाला बघून दारातच थिजला. हॉस्टेलवर दोन दिवस जेवला नव्हता, हे मला नंतर प्रतीक्षाकडून कळलं.

“आरं, कुणाला इचारून बोललास तू?” इक्बाल उठलाच.

“तुमाला विचारूनच बोललो, भाई.”

“कवा?”

“हॉस्टेलला सोडाय आला होता तवा. कानाचं सांगू का म्हटलं. तुमी हां म्हणाला.”

“खोटं बोलतोस!” इक्बालचा आवाज एकदम चिरला. “बाप गेल्यापासनं तुला डोक्यावर घिऊन वाडीवला, आन् तू माज्या तोंडावर खोटं बोलतोस?”

सोहेल रडायला लागला. “अल्लाची शपथ, भाई. विचारलं होतं.”

एवढ्यात प्राचार्य आले. आमचे प्राचार्य सज्जन माणूस आहेत, फक्त कुणाचा फोन आला की त्यांना घाम फुटतो. त्या दिवशी पुष्कळ फोन आले असावेत.

“मॅडम, रेडिओवरून खुलासा देऊन टाका.”

“कसला खुलासा?”

“झालं ते चुकीचं होतं, असा.”

“सर, छापलेलं किंवा बोललेलं खोटं निघालं तर खुलासा करतात. हे खोटं आहे की खरं, ते अजून मलाच कळलेलं नाही.”

“मग दोन्हीकडे लागू पडेल असा द्या ना.”

“म्हणजे ‘सदर गृहस्थांना एका कानानं ऐकू येतं अथवा येत नाही’?”

इक्बालला त्या अवस्थेतही हसू फुटलं. प्राचार्य मात्र गंभीर होते. म्हणाले, रविवारपर्यंत मिटवा, नाहीतर ‘उलटी बाजू’ बंद. मी क्लिप लगेच काढायला लावली. निघून गेलेल्या पाण्याला बांध घालण्यासारखं होतं ते, पण घालायला हवा होता.

इक्बाल म्हणाला, “मॅडम, लिवून-बिवून काय नगं. तुमी माज्यासंगं तासगावला चला. तुमच्या नियमानं पोरगं बोललं, तुमीच सांगा त्यांना.”

“काय सांगू?”

“कान चांगला हाय म्हणून.”

“ते मी सांगणार नाही. बाकी येते.”

माझ्या उत्तरानं तो खूश झाला नाही. पण न्यायला आला.

रविवारी सकाळी साउंडचाच टेम्पो आला, स्पीकर उतरवून रिकामा केलेला. इक्बाल चालवायला. शेजारी सोहेल, त्याच्या शेजारी खिडकीला मी. दोघा भावांत एक शब्द नाही. कराड आलं, विट्याकडे वळलो, तरी तेच. मला गप्प बसून प्रवास करता येत नाही. मी पुढे वाकून विचारलं, “इक्बाल, मुलीकडे किती भावंडं आहेत?”

“हां हां,” इक्बाल म्हणाला.

मला वाटलं, रागात आहे. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं, “तिथं पोचायला किती वेळ लागेल?”

“हां, करूया की.”

मी सोहेलकडे पाहिलं. सोहेलनं माझ्याकडे पाहिलं. डेस्कवरच्या माणसाला एक खोड असते, कुणी कुठून काय सांगितलं ते आधी बघायचं. आपल्याकडे गाडी चालवणारा उजवीकडे बसतो. शेजारचा माणूस नेहमी त्याच्या डाव्या अंगाला.

“सोहेल,” मी म्हटलं, “तू भाईला विचारलंस तेव्हा कुठं बसला होतास?”

“हितंच.”

“गाडी चालू होती?”

“व्हय.” आणि मग त्याच्या लक्षात आलं. “या अल्ला!”

टेम्पो बाजूला घ्यायला लावला. कसा? सोहेलनं हातानं खूण केली, तेव्हा. रस्त्याकडेला द्राक्षबाग होती. मी खाली उतरले, वळसा घालून इक्बालच्या उजव्या बाजूला गेले आणि खिडकीतून सगळं सांगितलं. पोरानं तुम्हाला विचारलं होतं, खरंच विचारलं होतं. तुम्ही ‘हां हां’ म्हणालात. आत्ता मला म्हणालात तसं.

इक्बालनं किल्ली फिरवून गाडी बंद केली.

“मागल्या सीझनपासनं असंच चाललंय, मॅडम. कुणी कायबी बोललं की मी हां म्हणतो. बहुतेक येळंला चालून जातं.”

मग तो सोहेलकडे वळला, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि एवढंच म्हणाला, “मी तुला खोटारडा म्हणलो रं.” दोघं रडले. मी द्राक्षबागेकडे बघत उभी राहिले. दोन पुरुष रडत असताना बाईमाणसानं बघत उभं राहू नये, त्यांना अवघड होतं.

भावाभावांचं मिटलं. सोयरिकीचं अजून तसंच होतं. उलट आता कान गेलाय हे पक्कं झालं होतं. तासगाव येईपर्यंत इक्बालचा चेहरा उतरत गेला. “आता मी तितं काय तोंड दाखवू?” दोनदा म्हणाला.

शाहीनचे वडील मोठे नेमस्त गृहस्थ. पुढ्यात बेदाण्याची बशी ठेवली, माझ्यासाठी सगळे मराठीत बोलत होते. आधी पावसाचं झालं, मग बेदाण्याच्या बाजाराचं. व्यापारी माणूस मुद्द्यावर कधीच लगेच येत नाही. शेवटी आला.

“इक्बालमियाँ, एकच विचारतो. पोरगा रेडिओवर बोलला ते खरं हाय का?”

इक्बालनं माझ्याकडे पाहिलं नाही.

“व्हय, चाचा. डावा कान गेलाय. तुमाला आधी सांगाय पायजे हुतं. भ्यालो. पोरगी हातची जाईल म्हणून भ्यालो.”

तेवढ्यात पडद्याआडून हसण्याचा आवाज आला. बाईच्या हसण्याचा, दाबून धरलेला आणि तरी फुटलेला. वडिलांनी कपाळाला आठ्या घातल्या. पडदा सरकला आणि शाहीन बाहेर आली. उंच, चष्मा, मास्तरणीसारखीच ताठ. हातातला चहाचा ट्रे हसण्यानं हलत होता.

“अब्बा, माफ करा,” म्हणाली. “पण मला आधी सांगू द्या. गेल्या महिन्यापासनं आम्ही फोनवर बोलतोय. मी विचारलं, तुम्हाला जेवणात काय आवडतं? हे म्हणाले, हां हां. मी म्हटलं, लग्नानंतर मी नोकरी सुरू ठेवणार, चालेल का? हे म्हणाले, बघू की उद्या. मी म्हटलं, माझी तब्येत बरी नाही, ताप आलाय. हे म्हणाले, लय भारी!”

सोहेलनं तोंडावर हात धरला. इक्बालचे कान लाल झाले, दोन्ही.

“मला वाटलं, माणसाला हे लग्नच नको आहे. घरच्यांच्या धाकानं हो म्हणालाय. मी अम्मीला सांगून ठेवलं होतं, नकार कळवा. अम्मी अब्बांच्या कानावर घालणार, त्याच दिवशी ती क्लिप आली.” ती इक्बालकडे वळली, आता हसत नव्हती. “फोन कुठल्या कानाला लावता तुम्ही?”

इक्बालनं नकळत डावा हात वर नेला. “उजवा हात साउंडच्या मिक्सरवर, आवाजाच्या बटणांवर असतो. सवय झालीय.”

“मग उजव्याला लावा की!”

आता मात्र अब्बा हसले. आधी गालातल्या गालात, मग पोट हलेपर्यंत. घरातल्या बायका पडद्यापलीकडे हसत होत्या, त्या उघडपणे हसायला लागल्या. इक्बाल तेवढा भांबावून एकेकाकडे बघत होता. नकार द्यायला बोलावलंय असं समजून आला होता बिचारा.

“पण चाचा, तुमी निरोप धाडला, बोलायचंय म्हणून...”

“आरं, मिरजंत कानाचा चांगला डॉक्टर माज्या वळखीचा हाय,” अब्बा म्हणाले. “त्येच बोलायचं हुतं. फोनवर कसं सांगनार? तुला ऐकू येत न्हाई ना!”

शाहीननं चहा देता देता माझ्याकडे मोर्चा वळवला. तिनं क्लिपवर न थांबता सगळा कार्यक्रम मोबाइलवर ऐकला होता. दोनदा. “सोहेल चांगला बोलला, पण मला ती म्हसवडची मुलगी जास्त पटली. बंदी कशाला? आवाज कमी करा, कानाला झाकण लावा आणि वाजवा.”

“व्हय, असंच म्हणतो मी,” इक्बाल घाईघाईनं म्हणाला.

“तुम्हाला ऐकू गेलं का मी काय म्हणाले ते?”

“गेलं, गेलं. झाकण म्हणालात.”

मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं, गेलेलं पुरतं परत येणार नाही, राहिलेलं जपा. आता इक्बाल मिरवणुकीत कानावर मोठी झाकणं घालून उभा असतो. साउंडवरच्या सगळ्या पोरांनाही त्यानं ती सक्तीची केली. सुरुवातीला लोकांनी टिंगल केली, मग दुसरे साउंडवाले विचारायला लागले, कुठनं आणली? शाहीन लग्नानंतर वडूजजवळच्या शाळेत शिकवते. नोकरीचा तो प्रश्न तिनं पुन्हा विचारला होता म्हणे. उजव्या बाजूनं.

प्राचार्यांना मी सोमवारी सांगितलं, मिटलं. त्यांनी विचारलं, “खुलासा दिला का?” म्हटलं, “नाही, लग्न ठरवून आले.”

‘उलटी बाजू’ चालू आहे. घरच्या विरुद्ध बोलायचा नियमही तसाच आहे, तो मी बदलणार नाही. खाली फक्त एक ओळ वाढवली, ती मुलांकडून पाठ करून घेते. घरच्या माणसाबद्दल बोलायचं असेल तर आधी त्याला विचारा. आणि तो ‘हां’ म्हणाला तर त्याच्याकडून तुमचा प्रश्न परत वदवून घ्या.

पहिल्याच आठवड्यात एका मुलीनं घरी जाऊन वडिलांना विचारलं. ते पेपर वाचत होते, म्हणाले, हां. मी काय विचारलं ते परत सांगा, असं तिनं म्हटलं. वडिलांना काही सांगता येईना. कान दोन्ही ठणठणीत होते.